ओळ नुसती दुमडायची की खरोखर तोडायची?

व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये ऑल्ट आणि झेड दाबलं की खिडकीबाहेर पळणारी लांबलचक ओळ मुकाट खाली दुमडते. हा वर्ड रॅप. फाइलमधलं एक अक्षरही बदलत नाही. ओळ ४२ वी असेल तर दुमडलेला भागही ४२ व्या ओळीचाच. लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदी) वाचताना, मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मांडणी दाखवणारा मजकूर) लिहिताना यासारखं सुख नाही.

फॉर्मॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्रॅम, मात्र फाइलमध्ये खऱ्याच नव्या ओळी घालतो. पायथन भाषेसाठीचा ब्लॅक हा फॉर्मॅटर ओळीला ८८ अक्षरांची मर्यादा धरतो, प्रेटियर ८०ची. (हे ८० एका कार्डावर ८० अक्षरं मावणाऱ्या पंचकार्डांच्या काळापासूनचं. कार्डं गेली, आकडा राहिला.) सात आर्ग्युमेंट्सचा (फंक्शनला पुरवलेल्या किमतींचा) फंक्शन कॉल ओळीत मावेनासा झाला, आणि कंसातलं सगळं खालच्या एका ओळीतही बसलं नाही, की ब्लॅक एकेका आर्ग्युमेंटला स्वतंत्र ओळ देतो आणि शेवटच्यापुढेही स्वल्पविराम ठेवतो. उद्या आठवं वाढलं तर गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) डिफमध्ये, म्हणजे काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत, तेवढी एकच ओळ हिरवी. नुसत्या दुमडलेल्या ओळीत तेच केलं तर अख्खी ओळ बदललेली दिसते; मग नेमकं काय बदललं ते शोधत बसा. चारजणांत वाटून घेतलेल्या कोडला म्हणूनच मी फॉर्मॅटरच लावीन.

त्याचा फटकाही खाल्लाय. जुन्या प्रोजेक्टवर तो एका दमात चालवला, आणि गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते सांगणाऱ्या यादीत) जिथे बघावं तिथे माझंच नाव! आता असा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) वेगळा करतो आणि ब्लेमला तो वगळायला सांगतो, गिट २.२३ पासून तशी सोय आहे.

लांब स्ट्रिंग (कोडमधला अवतरणचिन्हांतला मजकूर) मात्र ब्लॅक आपणहून तोडत नाही. तिथे पुन्हा ऑल्ट-झेड.