कुरणात स्टायलो: बी फेकावं की रेघा ओढून टाकावं?

आमच्या माणदेशी माळावर कुसळी आणि पवन्या या गवतांचं रान आहे. त्यात स्टायलो हमाटा, म्हणजे शेंगवर्गातला बारमाही चारा, मी दोन्ही तऱ्हांनी लावून पाहिला. एका एकरात गवत चारून खुरटं केलं आणि पहिल्या पावसावर बी फेकलं. शेजारच्या एकरात उताराला आडव्या, दोन-दोन हातांवर नांगराच्या रेघा ओढून टाकलं. बी गरम पाण्यातून काढणं, त्याला नत्र धरणारे जिवाणू चोळणं दोन्हीकडे सारखंच.

फेकण्यात सोय मोठी. न्याहारीपर्यंत एकर उरकला, बैल लागले नाहीत. उगवणही बरी होती. रेघांना दोन दिवस गेले, दगड लागेल तिथं नांगर उचलावा लागला.

माझं मन फिरलं ते जुलैत. स्टायलोचं रोप आधी मूळ खाली धाडतं, वर बोटभरच दिसतं. तोवर कुसळी गुडघ्याला लागते आणि रोप सावलीत कोंडतं. पावसाळ्यात गायी कोवळं गवत आधी खातात, स्टायलोकडे उशिरा वळतात, त्यामुळं थोडा वेळ सोडलेली गाय रोपाला मदतच करते. पण कधी सोडायची आणि कधी काढायची, हे रोप बघूनच ठरतं. अन् फेकलेल्या रानात ते रोपच सापडेना! वाकून गवत सारत फिरलो. एका जागी दहा रोपं, पुढं वीस पावलं काही नाही. गायी सोडू की नको, यात आठवडा गेला आणि बरीच रोपं पिवळी पडली. रेघेत उभ्या उभ्या दिसत होतं. दोन्ही अंगांचं गवत विळ्यानं कापून गायींना टाकलं.

सुपर फॉस्फेटचंही तसंच. रेघेत ते आधी टाकून वर माती लोटली आणि मग बी पेरलं, म्हणून रोपाला मिळालं. फेकलेल्या रानात बहुतेक गवतानंच खाल्लं असावं. युरिया दोन्हीकडे नकोच, त्यावर गवत माजतं. शेळ्या पहिल्या वर्षी लांबच ठेवा.

खडकाळ उतारावर, जिथं बैल चढत नाहीत, तिथं फेकण्यावाचून इलाज नाही. घरचं बी मुबलक असेल तर दरसाल थोडं थोडं फेकत राहिलं तरी जमेल. पण विकतचं बी पहिल्यांदाच लावणार असाल, तर मला वाटतं निम्मंच रान घ्या आणि रेघा ओढा. माझ्या रेघा तिसऱ्या वर्षी ओळखू येत नव्हत्या. झडलेल्या बियांनी आणि शेणातून पडलेल्या बियांनी मधली जागा भरत आणली होती.