लिटर बघितले, तोटी बघायची राहिली: दोन पॉवरहेडचा अनुभव

माझ्या माशांच्या तीन फुटी टँकच्या डाव्या कोपऱ्यात, ड्रिफ्टवूडच्या (सजावटीच्या लाकडाच्या) मागे, कायम गाळ साठायचा. रविवारी सायफनने ओढून काढला की बुधवारी परत हजर. मग तिथल्या रेतीवर निळसर हिरवा, बुळबुळीत पापुद्रा धरायला लागला. चिमटीत धरला की सायीसारखा अख्खा निघायचा, आणि वास असा की साबणाने दोनदा हात धुतले तरी जात नसे. हे साधं शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया. पाणी तुंबलेलं आणि खाली कुजकट साठलेलं, ही त्याची आवडती जागा.

फिल्टर उजवीकडे टांगलेला होता. त्याचं पाणी लाकडापर्यंत पोचून तिथेच दम तोडतंय, हे मला एका सिरिंजने दाखवलं. चिमूटभर खाद्य पाण्यात कुस्करलं, सिरिंजमध्ये भरलं आणि टँकमध्ये पाच-सहा जागी थोडं थोडं सोडत गेले. उजवीकडचे कण पळाले, मधले रेंगाळले, लाकडामागचे सरळ खाली बसले. पॉवरहेड, म्हणजे टँकमध्ये बुडवून पाणी फिरवत ठेवणारा छोटा पंप, घ्यायच्या आधी हे एकदा कराच. कदाचित दगड चार इंच सरकवूनच काम होईल आणि खरेदी वाचेल. माझं लाकूड रेतीत पक्कं गाडलेलं, त्यावर अनुबियासचं झाड चढलेलं, ते हलवायची माझी तयारी नव्हती.

मग हिशेब केला. टँक ३६ × १५ × १५ इंच, म्हणजे काठोकाठ १३३ लिटर. रेती, लाकूड आणि वरची रिकामी जागा वजा करून ११० धरले. गोड्या पाण्यातल्या झाडांच्या टँकमध्ये तासाभरात एकूण पाण्याच्या पाच ते दहा पट पाणी फिरावं, असा ठोकताळा आहे. (कोरलवाल्यांचं गणित वेगळंच, ते वीसपटीच्या खाली बोलतच नाहीत.) फिल्टरवर ६०० लिटर लिहिलंय, पण भरलेल्या स्पंजातून तेवढं येत नाही, म्हणून तो हिशेबात धरलाच नाही आणि तासाला १००० लिटरचा पॉवरहेड आणला. जुन्या पद्धतीचा, पुढे एकच अरुंद तोटी असलेला.

चालू केला आणि दोन्ही एंजल मासे फिल्टरच्या नळीमागे जाऊन चिकटले. निऑन टेट्रा एका जागी जिवाच्या आकांताने पोहत राहिले. मुलगा म्हणाला, "आई, ह्यांना ट्रेडमिलवर टाकलंस का?" समोरच्या कोपऱ्यात रेतीला वाटीएवढा खड्डा पडला. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो लाकडामागचा गाळ? जागच्या जागी. झोत त्याच्या शेजारून निघून जात होता.

चूक कुठे झाली ते पट्टी घेऊन बसल्यावर कळलं. तोटीचं तोंड १३ मिलिमीटर. तासाला १००० लिटर म्हणजे सेकंदाला २७८ मिलिलिटर. एवढं पाणी तेवढ्याशा भोकातून जायचं तर तोंडाशी वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. याउलट पंख्यासारख्या पात्याचे, जाळीदार पिंजऱ्यातले पॉवरहेड, ज्यांना दुकानात वेव्हमेकर म्हणतात, त्यांचं तोंड सहज पाच सेंटिमीटर असतं. तिथून १६०० लिटर सोडले तरी कागदावर वेग सेकंदाला २३ सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे दीडपट पाणी, पण धक्का नाही. खोक्यावर लिटरचा आकडा ठळक छापलेला असतो. तोंडाचा व्यास मात्र मला कुठल्याच खोक्यावर सापडला नाही.

म्हणून दुसरा १६०० लिटरचा, पंख्याचा. तीन वॅटचा आहे, पहिला पंधरा वॅटचा होता. विजेच्या बिलापेक्षा मला यात उष्णता महत्त्वाची वाटते, कारण पाण्यात बुडालेली मोटर जेवढे वॅट खाते तेवढी उष्णता शेवटी पाण्यातच उतरते. हा मागच्या काचेवर, उजव्या वरच्या कोपऱ्यात, किंचित वर तोंड करून लावलाय. प्रवाह समोरच्या काचेवर आपटतो, पसरतो आणि खालून लाकडामागे वळतो. सिरिंजचा प्रयोग परत केला तर तिथले कणही निघाले, सावकाश. पृष्ठभागावर हलकी सुरकुती राहते, ऑक्सिजनसाठी तेवढी पुरते. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तोंड थोडं खाली ठेवा, नाहीतर तो वरच्या वर उडून जाईल.

काच धरून ठेवायला याला चुंबक आहे. पहिल्याचे सक्शन कप एका रात्री सुटले, तोटी रेतीकडे वळली, आणि सकाळी टँकची मागची काच दिसत नव्हती. चुंबक घेताना काचेची जाडी मोजा. माझी ८ मिलिमीटर आहे आणि या चुंबकाची मर्यादाही तेवढीच. दोन तुकड्यांच्या मध्ये बोट येऊ देऊ नका. मी दिलंय.

आता कुरकुर. वेग कमी-जास्त करायची सोय नाही. वायर आखूड आहे, त्यामुळे प्लगच्या आधी वायरला खाली झोळ द्यायला जेमतेम उरते, आणि तो झोळ हवाच, नाहीतर ओघळलेलं पाणी थेट सॉकेटात जातं. अशा साध्या मोटरचा रोटर कुठल्याही दिशेने सुरू होऊ शकतो. उलटा फिरू नये म्हणून आत एक छोटी अडकण असते, त्यामुळे वीज आली की दोनदा टकटक होऊन मग तो मार्गी लागतो. तिसऱ्या महिन्यात खरखर सुरू झाली. उघडला तर इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्याच्या) खोबणीत मोहरीएवढी गोगलगाय आणि दांड्यावर पांढरा क्षार. व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवला, जुन्या टूथब्रशने घासला, आवाज गेला. सिरॅमिकचा दांडा काढताना जपून. पहिल्या पॉवरहेडचा तो माझ्याच हातून मोडला आणि सुटा मिळाला नाही, म्हणून आता खरेदीआधी इम्पेलर-दांडा सुटा मिळतो का, ते विचारते.

बेट्टा मासा असेल तर दोन्ही प्रकार विसरा. त्याचे पंख म्हणजे शिडं, आणि जाळीत अडकले तर फाटतात. कोळंबीची पिल्लं असतील तर जाळीवर स्पंज चढवावा लागेल, मग प्रवाह घटणारच.

बाकी हा काळा डबा टँकमध्ये दिसतो फार वाईट. तो झाकायला शेजारी वॅलिस लावली. भरभरून वाढली, आणि तिची लांबलचक पाती आता पिंजऱ्याभोवती गुंडाळतात. दर पंधरवड्याला कात्री घेऊन सोडवत बसते.