भाचीचा पहिला चाकू

भाचीला दहावं लागलं म्हणून नाव कोरलेला घडीचा चाकू घ्यायचं ठरवलं. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, चाकू? डोकं ठिकाणावर आहे ना?" मग ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा मुलांसाठीचा ७ नंबरचा चाकू बहिणीच्याच हातात दिला. पात्याचं टोक गोल, धार मात्र खरी. पातं ८ सेंमीचं. उघडून, पातं मुठीला जोडलंय तिथली पोलादी कडी फिरवली की ते अडकतं, बोटांवर मिटत नाही. ही कडी १९५५ सालची युक्ती. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचाही गोल टोकाचा मिळतो, पण त्याचं पातं असं अडकत नाही, म्हणून तो नको म्हटलं.

खरा घोळ नावाचा. पहिल्या खेपेला कोरणाऱ्याच्या मशीनने जोडाक्षर फोडलं. पाय मोडका 'त' एकीकडे, 'व' भलतीकडे! दुसरा करून दिला, पण हुज्जत घालावी लागली. कोरण्याआधी नमुन्याचा फोटो मागवाच.

मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची. ओली राहिली की फुगते आणि पातं निघता निघत नाही, हे भाचीने धुवायला टाकून सिद्ध केलं. सध्या घरातल्या सगळ्या पेन्सिलींना तीच टोक काढते, जरा वाकडंच.