लूमच्या कार्डाला कोटिंग, ॲक्रिलिक की सिलिकॉन?

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून बऱ्याचदा विचारतात, की लूमच्या कंट्रोल कार्डावर (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डवर) संरक्षक थर मारायचा तर ॲक्रिलिकचा की सिलिकॉनचा; दोन्ही वापरून झालंय म्हणून लिहितो.

सोलापुरात कार्डाला पावसापेक्षा कापसाच्या बारीक तंतूंचा त्रास जास्त. टॉवेलच्या खात्यात ते पॅनेलच्या पंख्यातून आत जातात, सोबत खळीची पावडर, आणि कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो, मग एसएमपीएसच्या (कार्डाला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) २३० व्होल्टच्या बाजूला दोन ट्रॅकमध्ये (तांब्याच्या पट्ट्यांमध्ये) आधी थोडं लीकेज, म्हणजे करंटची गळती, होतं आणि हळूहळू काळी रेघ जळत जाते. ती रेघ कार्बनची, म्हणजे तिच्यातूनच करंट जातो. तिच्यावर कोटिंग मारून काही उपयोग नाही, खरवडूनच काढावी लागते.

कागदावर सिलिकॉन भारी आहे. २०० डिग्रीपर्यंत टिकतं, ॲक्रिलिकचं साधारण १२५ पर्यंतच. पण कार्ड तेवढं तापलं तर कोटिंगच्या आधी १०५ डिग्रीचा कॅपॅसिटरच जाईल ना.

माझा निर्णय झाला तो रिपेअरवर. सिलिकॉनखालचा एक ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देणारा छोटा पार्ट) बदलायचा तर ब्लेडने रबर सोलत बसायचं, आयपीएला (आयसोप्रोपिल अल्कोहोलला) ते दाद देत नाही, पायांपाशी पातळ थर राहिला की सोल्डर धरत नाही, मल्टीमीटरचा प्रोबसुद्धा नीट टेकत नाही आणि तिकडे मालक विचारतोय लूम कधी चालू होणार! ॲक्रिलिकवर थिनरचा बोळा फिरवला की सुटतं (प्लास्टिकच्या कनेक्टरला थिनर लावू नका), घाई असेल तर वरूनच सोल्डरिंग आयर्न लावला तरी चालतं, नंतर तेवढ्याच जागी परत स्प्रे. शिवाय मऊ सिलिकॉनला तंतू चिकटतात ते हवा मारूनही निघत नाहीत, आणि ओलाव्यावर सुकणारं सिलिकॉन आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सुकायला रेंगाळतं, हा माझा अनुभव, तुमचा वेगळा असू शकतो.

डाईंगमध्ये गरम जागी पॅनेल असेल किंवा शेतात उन्हात सोलर पंपाचा कंट्रोलर असेल तर सिलिकॉनच घ्या, तिथे माझा हट्ट नाही. फक्त बाथरूमचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कार्डावर लावू नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं.

आणि कुठलंही मारा, आधी कार्ड आयपीएने धुऊन पूर्ण वाळवा, कनेक्टर आणि प्रीसेटवर (स्क्रू फिरवून सेटिंग करायच्या छोट्या पार्टवर) टेप लावा. खळ खाली राहिली तर कोटिंगच्या आतच लीकेज सुरू होतं.