जिओजेब्रा: अकरावीला डेरिव्हेटिव्ह शिकवताना वापरून बघितलं

अकरावीच्या पोरांना डेरिव्हेटिव्ह (ग्राफचा एखाद्या पॉइंटवरचा स्लोप, म्हणजे चढ) म्हणजे फक्त फॉर्म्युल्यांचं पाठांतर वाटतं, म्हणून यावेळी जिओजेब्रा हे ग्राफ काढायचं गणिताचं अ‍ॅप वापरलं, फुकट आहे, मोबाईलवरही चालतं, आणि अ‍ॅप टाकून ठेवलं की नेट नसलं तरी अडत नाही.

मी काय केलं, x² चा ग्राफ काढला, x = 1 वर एक पॉइंट, दुसरा 1 + h वर, दोन्ही जोडणारी रेष आणि h ला स्लायडर. पोरांनी स्लायडर सरकवत स्लोप वहीत लिहिला, h 1 असताना 3, मग 0.5 ला 2.5, 0.1 ला 2.1, 0.01 ला 2.01, आणि मागून एक पोरगी ओरडलीच, "सर, हे दोनकडे चाललंय!" मग h शून्य केला तर रेषच गायब आणि स्लोपच्या जागी प्रश्नचिन्ह! लिमिट (h शून्याजवळ नेताना स्लोप ज्या आकड्याकडे जातो तो) कशाला लागतं हे मला वेगळं सांगावंच लागलं नाही, खरंच अंगावर काटा आला.

एक लक्षात ठेवा, स्लायडरची स्टेप मुळात 0.1 असते, ती आधी 0.01 करून घ्या.

sin x वर टॅन्जन्टच्या (स्पर्शरेषेच्या) स्लोपचा ट्रेस (पॉइंट सरकताना मागे उमटणारी खूण) सोडला तर cos x आपोआप उमटतो, तेही नक्की दाखवा. फक्त आधी एकदा हाताने ग्राफ पेपरवर काढायला लावा, नाहीतर पोरं नुसता स्लायडर खेळत बसतात. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार.