सुती पट्टी की धातूचे कडे?
यवतमाळ जिल्ह्यातील एका जोडप्याने विचारले की, दोघांच्या संमतीने जननेंद्रियाला बंधन घालायचे तर सुती पट्टी वापरावी की धातूचे कडे.

पहिला निकष सुटकेचा. बंधनामुळे रक्त आत येत राहते, पण परत फिरणारे रक्त अडते. त्यामुळे सूज वाढते आणि एकदा सूज आली की कडे निघत नाही. ते कापण्याचे साधन गावच्या आरोग्य केंद्रात मिळेलच असे नाही आणि रात्री जिल्हा रुग्णालय गाठेपर्यंत मोलाचा वेळ जातो. पट्टी मात्र उशाशी ठेवलेल्या बोथट टोकाच्या कात्रीने क्षणात कापता येते. तिचीही उणीव आहे: ओली झाली की गाठ आवळते. म्हणून ती बोटभर रुंद असावी, सरकफास टाळावा आणि तिच्याखाली करंगळी सहज शिरावी.

स्वच्छतेत कडे सरस, साबणाने लगेच धुता येते. पट्टी उकळून उन्हात वाळवावी लागते. खर्चात पट्टीच स्वस्त.

दोन्ही २० ते ३० मिनिटांत काढावे, बांधून झोपू नये आणि त्वचा थंड, निळसर किंवा बधिर होताच सोडावे. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात न उतरणारी, वेदनादायक ताठरता येऊ शकते, म्हणून त्यांनी दोन्ही टाळावे. ताठरता ४ तास टिकली, किंवा कडे अडकले, तर संकोच न करता १०८ ला फोन करावा.

नवख्यांना आणि दवाखान्यापासून दूर राहणाऱ्यांना पट्टीच योग्य; कडे फक्त अनुभवी आणि मोठे रुग्णालय जवळ असलेल्यांसाठी.