ट्वाइनवर केलेला आमच्या शाळेचा गेम: चार महिन्यांचा अनुभव

आमची शाळा द्विशिक्षकी, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या वर्गात अकरा मुलं आहेत. वाचनाच्या तासाला मला दरवर्षी एकच गोष्ट खटकते. धडा मुलांना पाठ झालेला असतो. पुढचं वाक्य कुठलं ते माहीत असतं, त्यामुळे डोळे अक्षरांवर नसतातच, नुसतं तोंड चालू असतं. पुढे काय होणार हे ठाऊक नसलेलं आणि तरीही त्यांच्या ओळखीचं असं काहीतरी वाचायला द्यावं, हे बरेच दिवस मनात होतं. जुलैत भाची चार दिवस राहायला आली होती. तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, तू शाळेचा गेमच लिही ना. चित्रं नकोत, नुसत्या वाक्यांचा." आणि तिने लॅपटॉपवर ट्वाइन उघडून दिलं.

ट्वाइन हे मजकुराचे गेम लिहायचं मोफत साधन आहे. क्रिस क्लिमस यांनी ते 2009 मध्ये पहिल्यांदा आणलं. ब्राउझरमध्ये चालतं, आणि उतरवून घेऊन संगणकावरही बसवता येतं. आमच्याकडे रेंज एसटीच्या थांब्यावर येते, शाळेत येत नाही, म्हणून मला दुसरी सोय महत्त्वाची. उघडलं की समोर मोकळा पट दिसतो. त्यावर चौकटी टाकायच्या, प्रत्येक चौकटीत मजकूर लिहायचा. एखादा शब्द दुहेरी चौकोनी कंसात टाकला की त्याची लिंक होते, आणि त्या नावाची नवी चौकट पटावर आपोआप येते, मधे बाण काढलेला. बस, एवढंच. माझी पहिली चौकट "साकव" होती. तिथून दोन बाण निघाले, "साकवावरून जा" आणि "वरच्या वाटेने जा". दोन्ही वाटा पुन्हा परिपाठाला येऊन मिळाल्या, फक्त वरच्या वाटेने आलेल्याची प्रतिज्ञा चुकलेली असते. हे सगळं व्हायला पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. मी संगणक शिकलेली नाही, एमएससीआयटीपलीकडे गेलेली नाही, हे मुद्दाम सांगते.

भाचीने या प्रकारच्या गेमचा इतिहासही सांगितला आणि तो ऐकून मला धीर आला. विल क्राउथर नावाचे अमेरिकन प्रोग्रामर गुहांमध्ये उतरून त्यांचं सर्वेक्षण करायचे. केंटकीतली मॅमथ केव्ह त्यांच्या पायाखालची. 1975-76 च्या सुमारास त्यांनी त्या गुहेवरून मजकुराचा गेम लिहिला, आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून. पुढे डॉन वूड्स यांनी 1977 मध्ये तो वाढवला. मजकुराच्या साहसी गेमची सुरुवातच अशी झाली, की माणसाने स्वतःच्या ओळखीची जागा लिहून मुलांच्या हातात दिली. मला गुहा माहीत नाही. पण कोपऱ्यातला कुठला पत्रा गळतो, घंटेचा टोल कुठे टांगलाय, तिसऱ्या बाकाचा पाय कशाने टेकवलाय, हे मी डोळे मिटून सांगेन.

त्या जुन्या गेममध्ये मात्र खेळणाऱ्याला आज्ञा टाइप करावी लागते. "दिवा घे", "उत्तरेला जा", अशा, आणि त्याही इंग्रजीत. तसे गेम लिहायला इन्फॉर्म नावाचं साधन आहे. भाचीने तेही दाखवलं. मराठीसाठी ते मला पटलं नाही, कारण आपला शब्द जागेवर राहत नाही. डबा, डब्यात, डब्याला, डब्यातलं. एक मूल "डबा उघड" लिहील, दुसरं "डब्यात बघ", तिसरं "डबो". संगणकाने ओळखायचं कसं? आणि चौथीतलं मूल कळफलकावर एक ओळ लिहीपर्यंत तास संपेल. ट्वाइनमध्ये टाइप करायचंच नाही. वाचायचं आणि बोट ठेवायचं. मराठी जशी बोलतो तशी लिहिता येते, अगदी "येवा बसा" सुद्धा चालतं.

आता त्या एका प्रसंगाकडे येते, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसले.

मधल्या सुट्टीनंतर गेममधल्या मुलाला स्वतःच्या दप्तरात एक खोडरबर सापडतो. पांढरा, एका टोकाला निळा, कडेला कंपासच्या टोकाने कोरलेलं "स". तो त्याचा नाही. पुढे शुद्धलेखन आहे, आणि दोन बाक सोडून बसलेली मुलगी थुंकीने वही खोडतेय, कागद फाटायला आलाय. मी दोन पर्याय ठेवले होते: "बाईंना सांग" आणि "गप्प बस". गेमला लक्षात ठेवायला लावायची सोय ट्वाइनमध्ये आहे. डॉलरचं चिन्ह लावून एक नाव द्यायचं, त्यात "हो" किंवा "नाही" साठवायचं, आणि पुढे कुठल्याही चौकटीत त्यावरून मजकूर बदलायचा. म्हणजे "गप्प बस" निवडलं, तर शाळा सुटताना दप्तर उचलण्याच्या चौकटीत एक वाक्य जास्त येतं: "खोडरबर अजून तळाशी आहे." ते वाक्य लिहून झाल्यावर मी बराच वेळ पडद्याकडे बघत होते.

लोकवर्गणीतून आलेला टीव्ही आहे, त्याला लॅपटॉप जोडून सगळ्यांनी मिळून खेळायचं ठरवलं. प्रत्येक चौकट एकेकाने मोठ्याने वाचायची, मग हात वर करून वाट ठरवायची. पहिल्याच मिनिटाला मला हवं होतं ते झालं. कुणालाच पुढचं माहीत नव्हतं आणि सगळे शब्दाशब्दाला थांबत होते. "सर्वेक्षण"सारखा शब्द अडकला तर शेजारचा सोडवत होता.

खोडरबराशी आल्यावर वर्ग थांबला. "बाईंना सांग"ला सहा हात, "गप्प बस"ला दोन. तीन मुलांनी हातच वर केले नाहीत. त्यांतली एक म्हणाली, "बाई, तिसरं नाही का? तिच्या कंपासमध्ये गुपचूप ठेवून द्यायचा, कुणाला सांगायचं नाही." मला हे सुचलंच नव्हतं. सांगणं आणि न सांगणं, एवढंच मी बाईच्या जागेवरून बघत होते. त्यांना त्या बाकावर बसून दिसलं की सांगितलं तर चोर म्हणतील, नाही सांगितलं तर ती रडेल, आणि मधे एक वाट आहे. मी तिथेच, त्यांच्यासमोर, चौकट उघडली आणि कंसात लिहिलं: "कंपासमध्ये ठेव". नवी चौकट पटावर उमटली तेव्हा अकराही जण उठून टीव्हीजवळ आले. त्या चौकटीतली वाक्यं त्यांनी सांगितली, मी टाइप केली. त्यांनीच अशीही सुधारणा केली की "बाईंना सांग"नंतर बाई लगेच हसतात ते खरं नाही, आधी "तुझ्याकडे कसा आला?" असं विचारतात. बरोबर आहे, मी विचारते. तेही बदललं. दुसऱ्या कुठल्या साधनात हे इतक्या पटकन झालं असतं असं मला वाटत नाही, आणि माझ्या दृष्टीने ट्वाइनचं सगळं मोल त्या दोन मिनिटांत आहे.

आता त्रास. मराठीत लिहिणाऱ्याने हे आधी वाचावं.

मराठी टाइप करायच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर चौकोनी कंसाच्या जागी ड आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) बसलेले आहेत. म्हणजे प्रत्येक लिंकसाठी इंग्रजीवर जा, दोन कंस उघड, मराठीवर ये, शब्द लिही, पुन्हा इंग्रजी. हात बसेपर्यंत आठवडा गेला. मी आता आधी सगळा मजकूर मराठीत लिहून घेते आणि कंस शेवटी एकदम टाकते.

चौकटीचं नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. मी एकदा "मधली सुट्टी" आणि एकदा "मधली सुटी" लिहिलं, तर दोन चौकटी झाल्या आणि त्यातली एक रिकामी. हे निदान दिसतं तरी. "दुसऱ्या दिवशी"ने मात्र मला एक अख्खी संध्याकाळ बसवून ठेवलं. त्यातलं ऱ्या दोन तऱ्हांनी साठवलं जातं. इनस्क्रिप्टमध्ये ऱ ही वेगळी कळ आहे, तर काही कळफलक साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. अर्धी चौकट मी लिहिलेली, अर्धी भाचीने तिच्या पद्धतीने टाइप केलेली, आणि पटावर एकाच नावाच्या दोन चौकटी. उपाय सोपा आहे: चौकटींना ऱ्या नसलेली छोटी नावं द्या, आणि लिंकचा दिसणारा मजकूर वेगळा ठेवा. मधे बाणाचं चिन्ह टाकलं की तसं करता येतं. नाव नंतर बदललं तर जुन्या लिंका ट्वाइन स्वतःच दुरुस्त करतं, ही त्याची फार चांगली गोष्ट.

ब्राउझरमधलं ट्वाइन तुमचं लिखाण त्या ब्राउझरमध्येच साठवतं, इंटरनेटवर कुठे नाही. सुरुवातीला मी तसंच करत होते. ऑगस्टमध्ये संगणक साफ करताना ब्राउझरचा साठाही पुसला गेला आणि एकोणीस चौकटी गेल्या. पावसाचा परिपाठ त्यात होता, तो पुन्हा तसा लिहिता आला नाही. आता बसवलेलं ट्वाइन वापरते, ते कथा फाइलच्या रूपात फोल्डरमध्ये ठेवतं. शिवाय दर शनिवारी पेनड्राइव्हवर आर्काइव्ह, म्हणजे सगळ्या लिखाणाची एकत्र प्रत, घेते.

गेम पूर्ण झाला की एकच एचटीएमएल फाइल तयार होते. लहानशी असते, इंटरनेटशिवाय चालते, व्हॉट्सॲपवर पाठवता येते. पालकांना पाठवली तर अर्ध्या घरांतून "काही दिसत नाही" आलं. फोनमधल्या साध्या व्ह्यूअरमध्ये उघडलं तर पांढरा पडदा राहतो, क्रोमसारखा ब्राउझर निवडून उघडावी लागते. तेवढं पाठवताना सोबत लिहा.

बटणं मी इंग्रजीतच वापरते, रोज लागणारी पाच-सहाच आहेत. त्यातलं कुठल्याही चौकटीपासून गेम चालवून बघायचं बटण सर्वांत उपयोगी, दर वेळी साकवापासून निघावं लागत नाही. कथेचे वेगवेगळे साचे आहेत, मी आधीपासून निवडलेला हार्लो तसाच ठेवला. त्यात पडद्याच्या कडेला मागे जायचा बाण येतो. मुलं तो फार वापरतात. एक वाट बघून परत येतात आणि दुसरी बघतात. आधी मला तो काढून टाकावासा वाटला होता. आता वाटत नाही, कारण त्या निमित्ताने तेच वाक्य दोनदा वाचलं जातं.

चित्रं हलवायची असतील, आवाज हवे असतील, तर स्क्रॅच नावाचं दुसरं साधन घ्या, हे ट्वाइनचं काम नाही. गोष्ट सांगता येते आणि वर्गात वाचायला मुलं आहेत, अशा कुणालाही मी ट्वाइन बिनधास्त सांगेन.

सध्या सत्तेचाळीस चौकटी झाल्यात. परवा पोषण आहार शिजवणाऱ्या ताई दारात उभ्या राहून गेम बघत होत्या. खिचडीच्या चौकटीत मी लिहिलं होतं, "आज मीठ कमी आहे." त्या म्हणाल्या, "बाई, माझ्या हातची कधी अळणी झालीय?" मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी चौकट उघडली. "मग काय लिहू?" विचारलं. त्यांनी पदराला हात पुसले, आत आल्या आणि बाकावर टेकल्या. म्हणाल्या, "लिवा, आज वाटाणे जास्त घातलेत. कालचे उरलेले भिजत घातले होते ना."

अठ्ठेचाळिसावी चौकट त्यांची आहे. तिचं नाव आहे "चूल".